मावळातला मुक्काम : फुकट जागा आहे, बेवारस जागा नाही

पावसाळा सरला, भाताची कापणी उरकली आणि हवेत गारवा आला, की पुण्या-मुंबईच्या भटक्यांना मावळचे डोंगर खुणावू लागतात. पाठीवर पिशवी, पिशवीत तंबू आणि मनात एकच प्रश्न : रात्र काढायची कुठे? पवनेच्या काठावर सजवलेल्या तंबूंत माणशी हजार-दीड हजार रुपये मोजून, भोंग्यांच्या गोंगाटात रात्र घालवणे अनेकांना नकोसे वाटते. डोंगरातली एखादी निवांत, मोकळी आणि अर्थातच विनामूल्य जागा त्यांना हवी असते. 'एवढे मोठे रान पडले आहे, कुणाचे काय जाते?' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते.

ही समजूत मुळातूनच तपासून पाहायला हवी. मावळात तंबू ठोकण्यासाठी फुकट जागा मिळते, आजही मिळते. मात्र कुणाचीच नाही अशी जागा तिथे एक गुंठाभरही नाही. हा फरक ज्याला उमगला त्याला मुक्कामाची जागा शोधणे सोपे जाते. ज्याला उमगला नाही, त्याची रात्र वनरक्षकाच्या विजेरीच्या झोतात किंवा गावकऱ्यांशी हुज्जत घालण्यात संपण्याची शक्यता असते.

परदेशातली रीत

जंगलात हवे तिथे राहुटी टाकण्याची कल्पना आपल्याकडे बरीचशी परदेशी चित्रफिती आणि प्रवासवर्णने यांच्यामार्फत आली. अमेरिकेतील सुमारे २८ टक्के भूमी संघराज्य सरकारच्या मालकीची आहे. तेथील राष्ट्रीय वनांत व सार्वजनिक जमिनींवर आखीव तळाबाहेर, कोणत्याही सोयीविना विनाशुल्क मुक्काम करण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे. एका जागी सर्वसाधारणपणे १४ दिवसांपर्यंत राहता येते. नॉर्वेमध्ये १९५७ च्या कायद्याने पडीक वा रानातील जमिनीवर, ती खासगी असली तरी, तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे. अट इतकीच, की राहत्या घरापासून १५० मीटर दूर राहावे आणि दोन दिवसांहून अधिक काळ राहायचे असल्यास मालकाला विचारावे. स्कॉटलंडनेही २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने असाच हक्क मान्य केला.

पण त्या देशांतही गर्दी वाढली तशी बंधने आली. स्कॉटलंडमधील लॉख लोमंड परिसरात काठावरचा कचरा आणि जाळपोळ यांमुळे मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवाना घेऊनच राहण्याचा नियम २०१७ पासून लागू झाला. म्हणजे हक्क कायद्याने दिला, तरी तो टिकतो तो वापरणाऱ्याच्या वागणुकीवर.

आपल्याकडे असा सार्वत्रिक हक्क देणारा कायदा नाही. शिवाय सह्याद्रीची परिस्थितीही निराळी आहे. अमेरिकेतील वनांत मैलोन् मैल वस्ती नसते. मावळात मात्र ज्या पठारावर आपण एकांत शोधतो तिथे कुणाची गुरे चरतात, कुणाचे गवत राखलेले असते, कुठे देवाचा चिरा असतो, तर कुठे धनगरवाडा असतो. आपल्याला जे रान रिकामे दिसते ते वापरातले असते.

जुनी वहिवाट

कायदा नसला तरी आपल्याकडे वहिवाट होती. रात्री दमूनभागून आलेल्या वाटसरूला ग्रामदैवताच्या देवळात, शाळेच्या पडवीत किंवा एखाद्या घराच्या ओटीवर पथारी टाकू द्यायची, हा मावळचा रिवाज होता. गिर्यारोहण संस्थांच्या कित्येक पिढ्या याच रिवाजावर वाढल्या. त्यांना तंबू लागतच नसे. घोंगडी, सतरंजी आणि गावातली पिठले-भाकरी एवढ्यावर काम भागे. तळेगाव दाभाड्याला राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी याच डोंगरवाटा पालथ्या घातल्या. त्यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी राजमाचीवर घडते. त्या काळी डोंगरात जाणारा माणूस गावाचा पाहुणा असे, आणि पाहुणा हा यजमानाला विचारल्याशिवाय पसरत नाही.

पुढे चित्र पालटले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि दोन महानगरे मावळच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. मोटारी वाढल्या, मोबाइलवरच्या छायाचित्रांनी अनोळखी जागा एका रात्रीत प्रसिद्ध केल्या. पूर्वी महिन्याकाठी दोन टोळकी येत तिथे एका शनिवारी शेकड्यांनी माणसे येऊ लागली. देवळात बाटल्या सापडू लागल्या, पाण्याच्या टाक्यांत भांडी बुचकळली जाऊ लागली. साहजिकच ओटीची दारे मिटू लागली. वहिवाट संपलेली नाही, पण आता ती प्रत्येक पाहुण्याला नव्याने कमवावी लागते.

जमीन कोणाची?

मावळातल्या जमिनीचे ढोबळमानाने पाच-सहा प्रकार पडतात. मुक्कामाची जागा शोधण्याचे निम्मे काम हे प्रकार ओळखण्यातच आहे.

पहिला प्रकार राखीव वनाचा. येथे १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे, तसेच आग पेटविणे, ती ठेवणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. 'आग बाळगणे' या शब्दांकडे लक्ष द्यावे. शेकोटीच नव्हे, तर चहासाठी पेटविलेली चूलही त्यात येऊ शकते. दिवसा रुळलेल्या पायवाटेने किल्ल्यावर जाऊन येणाऱ्याला सहसा कोणी अडवीत नाही. रात्रीचा मुक्काम ही मात्र निराळी बाब आहे. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. परवानगी मिळेलच असे नाही, पण अर्ज केल्याने निदान कोणते क्षेत्र बंद आहे हे तरी कळते.

मालकी जमिनीवरील पुष्कळ जंगलही वनखात्याकडे गेलेले आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन अधिनियमाने त्या वर्षीच्या ३० ऑगस्टपासून खासगी वने शासनाकडे निहित झाली. त्यामुळे 'हे आमच्याच मालकीचे रान आहे' असे एखाद्याने सांगितले तरी कागदोपत्री ते वन असू शकते.

मावळच्या उत्तरेला भीमाशंकर आणि दक्षिणेला ताम्हिणी ही अभयारण्ये आहेत. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो आणि प्रवेशासाठीच परवानगी लागते. डोंगरसोंडेवरून लांबचा पल्ला चालणाऱ्यांनी आपण कोणत्या हद्दीत शिरतो आहोत याचे भान ठेवावे.

दुसरा प्रकार संरक्षित स्मारकांचा. लोहगड, विसापूर आणि कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. १९५९ च्या नियमांनुसार अशी स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुली असतात आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज तिथे स्वयंपाक करता येत नाही. लोहगडाच्या लक्ष्मीकोठीत एकेकाळी भटक्यांचा मुक्काम पडत असे. ते दिवस सरले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा तर तिथली जबाबदारी आणखी वाढली आहे. जुन्या पुस्तकांत किंवा लेखांत 'गडावर गुहेत पन्नास जणांची राहण्याची सोय' असे वाचून कोणी निघणार असेल, तर त्याने ते वाक्य इतिहासजमा समजावे.

तिसरा प्रकार धरणांच्या जमिनीचा. वळवण, शिरोता, ठोकळवाडी ही टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून चालत आले आहे आणि या तलावांच्या परिसरात कंपनीची मालकी आहे. पवना धरण जलसंपदा विभागाचे. तेथे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी सपाट, हिरवी गाळपेर जमीन तंबूसाठी मोठी मोहक दिसते, पण तीही शासनाने संपादित केलेली आहे. 'काठ सगळ्यांचा' हा समज येथे चालत नाही.

चौथा प्रकार संरक्षण दलाच्या जमिनीचा. लोणावळ्याला नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही प्रशिक्षण संस्था आहे. भुशी धरणाकडून वर जाताना तिची हद्द लागते. तेथील फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

पाचवा प्रकार गायरान व गावठाणाचा. ही जमीन शासनाची असली तरी तिची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. आणि सहावा, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे शेतकऱ्याची मालकी जमीन.

जागा मिळते ती कुठे?

वरची यादी वाचून 'मग राहायचे तरी कुठे?' असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर सोपे आहे आणि ते बहुधा आपल्या पायाखालीच असते : भाताचे रिकामे खाचर.

मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी झाली, मळणी आटोपली की डोंगरपायथ्याची खाचरे मोकळी होतात. तंबूसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. खाचर मुळातच सपाट केलेले असते, बांधामुळे वारा थोडा अडतो, नोव्हेंबरअखेर जमीन सुकलेली असते, आसपास वाळलेल्या गवताचे माळ नसल्याने वणव्याचा धोका कमी, आणि हाकेच्या अंतरावर घर असते. मालकाने 'राहा' म्हटले की कायद्याचा प्रश्नही मिटतो. मात्र काही शेतकरी भातामागून ओलीवर हरभरा, वाटाणा किंवा पावटा टोकतात. वरवर रिकाम्या दिसणाऱ्या खाचरात कोंब फुटत असतात. म्हणून आधी विचारावे, मग पिशवी उतरवावी.

दुसरी जागा देवळाच्या आवाराची. लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटर चालत गेल्यावर राजमाचीच्या माचीवर उधेवाडी लागते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीतल्या या गावाला भटक्यांची सवय आहे. तिथे घरगुती जेवण मिळते आणि अंगणात वा शेतात तंबू लावू देणारी घरेही आहेत. जेवण घेतले तर जागेचे वेगळे पैसे न मागणारी माणसे अशा गावांतून आजही भेटतात. पवन मावळात तुंगच्या पायथ्याची तुंगवाडी आणि तिकोन्याच्या पायथ्याचे तिकोनापेठ, नाणे मावळाच्या अंगाला जांभिवली आणि तिथले कोंडेश्वराचे देऊळ, आंदर मावळात खांडी व कुसूरकडची गावे, अशी नावे घेता येतील. या गावांचा उल्लेख केला तो तिथे जाऊन तंबू ठोकण्याचा परवाना म्हणून नव्हे, तर विचारपूस कुठून सुरू करावी हे कळावे म्हणून.

देवराईचा मात्र अपवाद. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून या राखून ठेवलेल्या वनांचे महत्त्व जगापुढे मांडले. गर्द सावली, जवळच झरा आणि निवांतपणा यांमुळे देवराई मुक्कामाला आदर्श वाटते. पण तिथली काटकीही न उचलण्याचा नेम गावाने पिढ्यान् पिढ्या पाळलेला असतो. तिथे पथारी पसरणे हा गावाचा थेट अपमान आहे.

शोधायची कशी?

सुरुवात घरबसल्या नकाशापासून करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांत समोच्च रेषा, ओढे, पायवाटा आणि राखीव वनांच्या हद्दी दाखविलेल्या असतात. समोच्च रेषा एकमेकींपासून दूर असतील तिथे सपाटी, चिकटलेल्या असतील तिथे कडा, एवढे वाचता आले तरी अर्धे काम होते. उपग्रह-चित्रांत खाचरांची चौकटीदार नक्षी लगेच ओळखू येते. पण उपग्रह-चित्र मालकी सांगत नाही. त्यासाठी राज्य शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर गट क्रमांकावरून सातबारा पाहता येतो. एका रात्रीसाठी कुणी सातबारा काढीत बसणार नाही, हे खरे. मात्र वीस-पंचवीस जणांचा गट नेणाऱ्याने ती तसदी घ्यावी.

नकाशावर दोन-तीन जागा हेरल्या की पुढचे काम माणसांचे. गावात पोहोचल्यावर सरपंच, पोलीस पाटील, देवळाचा गुरव किंवा चहाच्या टपरीवरची वडीलधारी मंडळी, यांपैकी कुणालाही विचारता येते. 'काका, रात्रीपुरता तंबू लावायचा आहे, कुणाच्या शेतात जमेल का?' एवढा साधा प्रश्न पुरतो. विचारताना आपण किती जण आहोत, कधी निघणार आणि जेवणाचे काय, हे आपणहून सांगावे. मावशींना चार भाकऱ्या सांगितल्या की बोलणे आपोआप पुढे सरकते. बहुतेक वेळा जागाही तेच सुचवितात, आणि ती नकाशावर हेरलेल्या जागेहून सरस निघते. पाणी कुठे आहे, रानडुकरे कोणत्या बाजूने उतरतात, वारा कुठून सुटतो हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

वनहद्दीत राहायचे असल्यास वडगाव मावळ वा शिरोता येथील वनपरिक्षेत्र कार्यालयाशी आधी संपर्क साधावा. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. काही ठिकाणी संयुक्त वन व्यवस्थापन समिती नाममात्र प्रवेशशुल्क घेते. ते विनातक्रार भरावे. त्या पैशातून जाळपट्टे काढण्यासारखी कामे होतात.

आणि एक पथ्य : गावात अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे. रात्री नऊ वाजता अनोळखी माणसे विजेऱ्या घेऊन शिवारात शिरली की गाव संशयाने पाहणारच. पुण्याहून लोकलने आलात तर मळवली, कामशेत, कान्हे ही स्थानके पायथ्याच्या जवळ आहेत. दुपारची गाडी धरली तरी संध्याकाळपर्यंत सारे निवांत जमते.

ऋतू आणि भूमी

मुक्कामासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा खाली अंथरायला जाड पट्टी आणि उबदार झोळी हवीच. फेब्रुवारीनंतर गवत वाळते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम असतो. या काळात डोंगरावर आगीची ठिणगीही नको.

पावसाळ्यात तंबूचा मोह टाळावा, असे स्पष्टच सांगितले पाहिजे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्यातला बहुतेक तीन-चार महिन्यांत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहातल्या खडकावर उभे असताना पाणी अचानक वाढले आणि परतीची वाट उरली नाही. त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी मावळातील धबधबे, धरणे आणि पर्यटनस्थळांवर जमावबंदीसह निर्बंध घातले. असे आदेश पावसाळ्यात निघतात. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

ओढ्याच्या पात्रातली वाळूची सपाटी तंबूला मऊ वाटते, पण वरच्या डोंगरात सर कोसळली की इथे आकाश कोरडे असतानाही लोंढा येतो. तसेच तीव्र उताराच्या थेट खाली, माती सुटलेल्या कड्याच्या पायथ्याशी कधीही राहू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पिढ्यान् पिढ्या वसलेल्या वाड्यांना डोंगराने सोडले नाही. तिथे एका रात्रीच्या पाहुण्याने गाफील राहणे परवडणारे नाही.

कड्याच्या धारेपासूनही तंबू दूर हवा. सूर्योदय दारातून दिसावा म्हणून काठावर तंबू ठोकणारे असतात. रात्री लघुशंकेला उठलेला, झोपेत असलेला माणूस पाच पावले चुकला तर काय होईल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो. खिंडीत वारा सर्वांत जास्त असतो, तर दरीच्या तळाशी थंड हवा आणि दव साचते. म्हणून दोहोंच्या मधली, किंचित उंचावरची सपाटी निवडावी. कातळावरच्या पठारांवर ऑगस्ट ते ऑक्टोबर रानफुले येतात. एका तंबूखाली दबलेला तुकडा त्या हंगामात पुन्हा फुलत नाही, तेव्हा तिथे राहणे टाळावे.

साप आणि मधमाश्या यांचाही विचार करावा. मावळात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी वेदना फारशी होत नाही, म्हणून ती अधिक घातक. तळ असलेला, साखळी पूर्ण बंद होणारा तंबू याचसाठी हवा. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत. दगडांच्या रचाईजवळ अंथरूण टाकू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर किंवा उग्र अत्तर यांनी ती उठतात. अपघात झाल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे. लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र' या संस्थेचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे डोंगरातील बचावकार्य करीत आले आहेत. पण मदत पोहोचेपर्यंत काही तास जातात, हे गृहीत धरूनच जागा निवडावी.

पाणी, आग आणि कचरा

मार्चनंतर मावळात पाणी आटू लागते. वर्षाला चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लोणावळ्याच्या आसपासच्या वाड्यांतील बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन लांब चालतात, हे शहरातल्या माणसाला खरे वाटत नाही. अशा वेळी त्यांच्या झऱ्यावर वीस जणांनी अंघोळी करणे हा निव्वळ अन्याय आहे. पिण्याचे पाणी शक्यतो सोबत न्यावे. गडावरच्या टाक्यांत हात, भांडी, साबण काहीही घालू नये. पाणी उपसून घेऊन दूर नेऊन वापरावे. प्रातर्विधीसाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा आणि तो बुजवावा.

यात शहराचाही स्वार्थ आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. शनिवारी रात्री धरणकाठी टाकलेली घाण सोमवारी आपल्याच नळाच्या वाटेवर असते.

शेकोटी हा मुक्कामाचा अविभाज्य भाग मानण्याची पद्धत पडली आहे. वनात ती गुन्हाच आहे. शेतात मालकाची परवानगी असेल तर, आणि त्याने दाखविलेल्या जागी, विकत घेतलेल्या लाकडाची छोटी शेकोटी करावी. झोपण्यापूर्वी पाणी ओतून, राखेवरून हात फिरवता येईल इतकी ती गार करावी. गवताचा एक माळ पेटला तर त्या वाडीच्या गुरांचा वर्षाचा चारा जातो. आपली करमणूक एका संध्याकाळची, त्यांचे नुकसान पुढच्या पावसापर्यंतचे.

ध्वनिक्षेपक घरीच ठेवावेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्यांवर २००० सालच्या नियमांनी बंदी आहेच. मे-जूनमध्ये राजमाची परिसरात काजवे पाहायला जाणाऱ्यांनी विजेऱ्या आणि मोटारींचे दिवे यांचाही संयम पाळावा. काजव्यांची लुकलुक ही जोडीदाराला दिलेली साद असते, आणि प्रखर प्रकाशात ती साद हरवते. कचऱ्याबद्दल वेगळे सांगायला नकोच. जे वर नेले ते खाली आणायचे, ओल्या कचऱ्यासकट.

फुकट म्हणजे किती?

व्यावसायिक सहली काढणाऱ्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि नोंदणी, प्रशिक्षित माणसे, विमा अशा अटी घातल्या. चार मित्रांच्या मुक्कामाला त्या लागू होत नाहीत. पण समाजमाध्यमांवर जाहिरात करून, माणशी पैसे घेऊन, 'मित्रमंडळ' म्हणवून गट नेणाऱ्यांनी पळवाट शोधू नये. अशा गटासोबत जाणाऱ्यानेही नोंदणीची विचारणा अवश्य करावी.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ज्याने आपल्या खाचरात झोपू दिले त्याने भाडे मागितले नाही, म्हणून आपण काहीच देऊ नये असे नाही. रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा-पोहे त्याच घरी सांगावेत, गड दाखवायला गावातलाच वाटाड्या घ्यावा, निघताना दोन-चार किलो इंद्रायणी तांदूळ विकत घ्यावा. जागेचे जे पैसे वाचले त्यातले निम्मे गावात खर्च झाले तरी पवनाकाठच्या तंबूपेक्षा स्वस्तच पडते. आणि त्या घराला पुढच्या खेपेच्या पाहुण्याला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही.

खरी मेख इथेच आहे. मावळात विनामूल्य मुक्कामाचा हक्क कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. तो केवळ शेतकऱ्याच्या, गुरवाच्या आणि सरपंचाच्या 'राहा की' या दोन शब्दांवर उभा आहे. ज्या गावांनी पाहुण्यांच्या वागण्याला कंटाळून फाटके घातली, तिथे ती पुन्हा उघडणे कठीण आहे. ज्यांनी अजून घातलेली नाहीत, तिथे पुढचा निर्णय येत्या शनिवारी उतरणारे लोक कसे वागतात यावर ठरेल.